पाळकांना सांगायचं होतं

चर्चच्या पाळकसाहेबांच्या दारावरची घंटा वाजवण्याआधी चष्मेवाल्याने रुमालाने तोंड पुसलं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. खरं तर चर्चचा कारभार बघणाऱ्या, मंडळीच्या तिन्ही 'वडिलांनी', म्हणजे एल्डरांनी, मिळून यायचं ठरलं होतं. पण एकाचं ब्लडप्रेशर ऐनवेळी वाढलं, मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहुणे टपकले. उरला तो.

पाळकसाहेबांच्या पत्नीने, पाळकबाईंनी, दार उघडलं. त्याच्याकडे नीट बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"आज सांगणार आहात ना, भाऊ?"

"तुम्हाला कळलंय?"

"उद्याचं प्रवचन मीच लिहिलंय. मोठ्या अक्षरांत. कित्येक महिने मीच लिहून देतेय." त्या बाजूला झाल्या. "सांगून टाका एकदाचं. मीही थकले आता."

आत पाळकसाहेब बुटांना पॉलिश करत बसले होते. एक बूट लखलखत होता आणि ते पुन्हा त्याच बुटावर ब्रश फिरवत होते. चष्मेवाल्याचं लग्न त्यांनीच लावलं होतं, त्याच्या आईला मातीही त्यांनीच दिली होती.

"ये रे. चेहरा का उतरलाय? प्रार्थना करू या का?"

"नको साहेब. आधी बोलतो." वाटेत जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली होती. "मागच्या आठवड्यात आपण नर्सबाईंच्या मुलीला पुरलं. कबरीपाशी तुम्ही लग्नाचा विधी वाचायला लागलात."

ब्रश थांबला.

"लग्नाचा?"

"हो."

"कुठपर्यंत वाचला?"

"मी पुस्तक हातातून घेईपर्यंत."

पाळकसाहेबांनी बूट जमिनीवर ठेवला. "मुलीचं लग्न झालं होतं का?"

"ठरलं होतं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला.

"उद्यापासून तुम्ही उपासना घेऊ नये, असं आम्हा वडिलांचं म्हणणं आहे," चष्मेवाला म्हणाला. 'माझं' म्हणायची आपली छाती झाली नाही, हे त्याला बोलता बोलताच जाणवलं.

"बरोबर आहे," पाळकसाहेब म्हणाले. मग भिंतीचा आधार घेऊन उठले. "चल."

"कुठे?"

"तिच्या आईकडे. आत्ताच्या आत्ता."

पाळकबाईंनी काही न विचारता त्यांचा कोट आणून दिला.

नर्सबाईंचं घर फार लांब नव्हतं. औषधांच्या दुकानापाशी पाळकसाहेब थबकले. "आपण कुठे निघालोय रे?" चष्मेवाल्याने सांगितलं. कबर, मुलगी, पुस्तक, सगळं. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारून घेतला, जसं काही हे कानावर प्रथमच पडत होतं. सिग्नल ओलांडल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. चष्मेवाल्याने पुन्हा सांगितलं आणि पुन्हा त्यांचा चेहरा विझताना पाहिला. नर्सबाईंच्या इमारतीखाली त्यांनी विचारलं तेव्हा मात्र त्याच्यात त्राण उरलं नव्हतं.

"एका घरी भेट द्यायची आहे, साहेब."

"कोण आजारी आहे?"

"आजारी नाही. दुःखात आहे."

"मग असा रेंगाळतोस काय? चल वर."

नर्सबाई नुकत्याच ड्युटीवरून आल्या होत्या, अजून गणवेशातच होत्या. पाळकसाहेबांना बघताच त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. चष्मेवाला माफीचं काहीतरी बोलणार, तेवढ्यात पाळकसाहेब दारातून आत गेले आणि त्यांनी नर्सबाईंचा हात हातात घेतला.

"काय झालं, बाळ?"

नर्सबाईंनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"तुम्हाला माहीत नाही?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाही गं. सांग मला."

नर्सबाई तशाच उभ्या राहिल्या. हात सोडवून घ्यावा की नाही, हे त्यांचं ठरत नसावं. मग त्या खाली बसल्या आणि सांगू लागल्या. साधा ताप म्हणून मुलीला घरीच ठेवलं होतं. दुसऱ्यांची मुलं सांभाळायला आपण हॉस्पिटलात रात्रपाळीला गेलो. पाळकसाहेब ऐकत होते. मध्येच विचारत होते, मुलगी हसायची कशी, नवरामुलगा पसंत होता का. पसंत होता म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग नर्सबाईही रडल्या. चष्मेवाल्याला बसायला जागा नव्हती. खुर्चीवर मुलीच्या कपड्यांच्या घड्या होत्या. तो दाराशी उभाच राहिला.

निघताना नर्सबाई म्हणाल्या, "पुन्हा याल?"

"येईन की," पाळकसाहेब म्हणाले.

मग त्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. "घेऊन याल यांना?"

त्याने मान डोलावली.

जिना उतरताना पाळकसाहेबांनी कठडा घट्ट धरला होता. "केवढं दुःख उरावर घेऊन बसली आहे पोर," ते म्हणाले. "मंडळीच्या वडिलांपैकी कोणी अजून आलं नव्हतं तिच्याकडे?"

"नाही, साहेब."

"का?"

चष्मेवाल्याला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. "आठवडाभर आमच्या बैठका चालल्या होत्या. तुमच्याबद्दल."

पाळकसाहेब थांबले. "माझ्याबद्दल? मला काय झालंय?"

चष्मेवाला तिथेच पायरीवर बसला. शेजारची जागा त्याने हाताने पुसली.

"बसा," तो म्हणाला.