नवीन काय घडलं
डिसेंबरच्या मध्यावर कॉलेजचं उत्तर आलं. टेसाने ऑक्टोबरात सगळ्यांआधी केलेला अर्ज नाकारला नव्हता, स्वीकारलाही नव्हता. निर्णय मार्चवर ढकलला होता. अर्जानंतर नवीन काही घडलं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, असं लिहिलं होतं. “आई गेली ते लिही,” वेंडेल म्हणाला. “शाळेतल्या बाई म्हणतात, त्याने शक्यता वाढेल.” “आईच्या मरणावर जागा मागू, बाबा?” “तुझ्या प्रवेशासाठी तिने काहीही केलं असतं.” “मेली असती?” मग टेसाने लॅपटॉप ओढला. “लिहिते. पण मृत्यूचा दाखला जोडायचाय. तो पाकिटातून तुम्ही काढा. बघू तुमच्याने होतंय का!” अंत्यविधीवाल्यांनी दिलेलं दाखल्यांचं पाकीट पाच आठवडे फ्रिजवर पडून होतं. वेंडेलने ते उतरवलं, सुरी घेतली, त्यावरचं बायकोचं नाव वाचलं. शुक्रवार उजाडला. पत्र तयार आहे. पाकीट अजून फोडलेलं नाही.