राघूची चोच

येवल्याच्या हर्षालीने आणलेल्या जुन्या कॅसेटमध्ये तिची आई मागावर पैठणी विणत होती. पण हात हलला की बोटांच्या कडांना फणीसारखे दाते फुटायचे.

"जुना कॅमेरा एक चित्र दोन खेपांत टिपायचा, ताई. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या," नाशिकच्या स्टुडिओत वसीम म्हणाला. त्याने दोन्ही खेपांच्या ओळी एकत्र मिसळणारा डीइंटरलेस फिल्टर लावला. दाते गेले. "बघा, किती मऊ दिसतंय!"

"मऊ नकोय. बोटं एकमेकांत मिसळली. दोन्ही खेपा वेगळ्या काढा."

"चौथ्यांदा करतोय, ताई. आठवण म्हणून एवढं पुरे की."

"आठवणीसाठी नाही आणलं. पदरावरच्या राघूची चोच विणताना किती धागे उचलायचे, ते एकट्या आईलाच यायचं."

आई शेजारच्याच खुर्चीत पदराशी चाळा करत बसली होती. विसरायला लागल्यापासून ती एकच सांगायची, "म्या कधी माग पाह्यला बी नाय."

वसीमने पुन्हा सेटिंग बदललं. आता पडद्यावर प्रत्येक बोट सुटं दिसू लागलं. आईचा चाळा थांबला. ती पुढे झुकली.

"ही बाई चुकली," ती फटकन म्हणाली. "चार धागे उचलले तिनं."

"थांबवा तिथंच!" हर्षालीने वही उघडली आणि ती आईकडे वळली. "किती उचलायचे होते, ते सांग बरं त्या बाईला."