चौपट वाढ

“ती बाटली परत ठेवा,” संशोधिका म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला.

औषधवाल्याचा हात मध्येच थांबला. काउंटरपाशी उभ्या असलेल्या आजींनी वळून पाहिलं.

“मॅडम, तुम्हाला डोळ्यांत घालायचे थेंब हवेत ना? देतो की. आधी यांचं होऊ द्या.”

“यांना ती बाटली देऊ नका म्हणतेय मी.”

गल्ल्याशेजारी तसल्याच बाटल्यांचा मनोरा रचलेला होता. वर पाटी: ‘पेशींची सफाई, अगदी आतून!’ तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या गोळ्या विकू नका, असं तिने अकरा दिवसांपूर्वीच कंपनीला लेखी कळवलं होतं. उत्तरात एका ओळीचे आभार आले होते. आणि इथे मनोरा!

“आजी, या गोळ्या कुणाला देता?”

“आमच्या ह्यांना. हात कापतो. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता शर्टाचं बटण लागत नाही.” आजी पर्स चाचपत म्हणाल्या. “आधी एक द्यायचे. गेल्या महिन्यापासून दोन देते.”

“दोन का?”

“हात जास्त कापायला लागला म्हणून.”

संशोधिकेने डोळे मिटले. उघडले तेव्हा ती प्रयोगशाळेत बोलते तसं सावकाश बोलू लागली.

“नीट ऐका. पेशीत रोज काही ना काही मोडतं, खराब होतं. पेशी ते पिशवीत भरते. पिशवी आम्लाच्या टाकीत रिकामी होते, आतलं विरघळतं आणि त्यातून पुन्हा कामाचं सामान मिळतं. ही गोळी त्या टाकीतलं आम्लच मारते. मग पिशव्या भरतात, पण रिकाम्या होत नाहीत. नुसत्या साचत जातात. ज्यांचा हात कापतो, त्यांच्या मेंदूत आधीच कचरा साचलेला असतो.”

“पण पिशव्या वाढल्या म्हणजे सफाई वाढलीच की,” आजी म्हणाल्या. “जिन्यात चार पिशव्या दिसल्या की मी म्हणते, चला, वरच्या मजल्यावरच्या बाईसाहेबांनी आज घर आवरलं!”

“आणि उद्या आठ दिसल्या? परवा बारा?”

“तर म्हणेन, मेली कचऱ्याची गाडीच आली नाही.” आजी थबकल्या.

“तेच सांगतेय मी.”

सहा महिन्यांपूर्वी कंपनीकडून या गोळीचा नमुना तपासायला आला, तेव्हा तिने अंधाऱ्या खोलीत तीन आठवडे सूक्ष्मदर्शकातून हिरवे ठिपके मोजले होते. एक ठिपका म्हणजे एक पिशवी. गोळी दिल्यावर ठिपके चौपट झाले होते. तिची मोजणी कधी चुकत नसे. तिने आकडा कळवला. कंपनी खूश झाली. शंका आली ती फार उशिरा. मग तिने गोळी दिलेल्या काही पेशींतल्या टाक्या मुद्दाम बंद पाडल्या आणि पुन्हा मोजलं. गोळीने सफाईला खरंच वेग दिला असता, तर आता पिशव्यांचा डोंगर व्हायला हवा होता. एकही ठिपका वाढला नाही. टाक्या आधीच बंद होत्या. गोळीनेच बंद केल्या होत्या.

“पण तू कोण गं?” आजींनी तिला चष्म्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

“मी यावरच काम करते.”

“काम सगळेच करतात. दुसऱ्या कंपनीची असलीस म्हणजे?”

“बरोबर आहे आजींचं,” औषधवाला म्हणाला. “मागच्या आठवड्यात एक जण असाच आला होता, सगळ्यांना नावं ठेवत. जाताना स्वतःचं तेल देऊन गेला.”

“मी काहीही विकत नाही!” तिने काउंटरवर हात आपटला. तिने असं काही आयुष्यात प्रथमच केलं होतं. “माणसांचे हात निकामी होतायत आणि तुम्हाला गंमत सुचते?”

आजी बधल्या नाहीत. त्यांनी पर्समधून चार घड्यांचा एक कागद काढला. बाटलीसोबत मिळालेला. वरची घडी उलगडून, कागद हातभर लांब धरून त्यांनी वाचलं, “‘गोळीनंतर पेशींतील सफाईच्या पिशव्यांमध्ये चौपट वाढ दिसून आली.’ बघ. छापलंय.”

“अर्धवट!” संशोधिका कडाडली. “आजी, हे वाक्य खोटं नाही. खोट्याहून वाईट आहे. पिशव्या मोजल्या, पण त्या का वाढल्या ते बघायची तसदी कुणी घेतली नाही. तसंच पाठवून दिलं! हे ज्याने लिहिलं ना, त्याला माणसं दिसतच नाहीत. नुसते ठिपके दिसतात. असल्यांना प्रयोगशाळेच्या दारात उभं करू नये!”

“ज्याने नाही, जिने,” आजी शांतपणे म्हणाल्या. “बाई आहे. चांगली शिकलेली. सहीनिशी दिलंय तिने. म्हणून तर मी दोन-दोन गोळ्या देते.”

त्यांनी उरलेल्या घड्या उलगडल्या.

वाक्याचं इंग्रजीतून भाषांतर झालं होतं. सहीचं करता येत नाही. शेवटच्या अक्षराखालची ती तिरकी रेघ संशोधिका शाळेत असल्यापासून ओढत आली होती.

आजींनी कागद तिच्या चष्म्याजवळ नेला.

“आता तूच सांग बाई. तुझं ऐकू, की हिचं?”