गोड नीज

शुक्रवारी दुपारी नरसव्वाला आज्ञाधारकपणात दहापैकी दहा गुण मिळाले. तोवर तिला काहीच मिळालं नव्हतं. त्याच आठवड्यात सोमवारी तिच्या नावापुढे सगळीकडे शून्य होतं.

सात रस्त्याजवळच्या त्या शाळेत सोजरबाई पहिलीच्या मुलांना सद्गुण शिकवत. फळ्याशेजारी तक्ता होता: खरेपणा, नीटनेटकेपणा, आज्ञाधारकपणा. गुणांना गुण द्यायचे ही कल्पना हेडमास्तरांची. त्यांना ती फार आवडली होती.

मागच्या रांगेतली पोरं रोज डोक्यावर पांढरी पूड घेऊन बसायची. बाईंनी नीटनेटकेपणाचे गुण कापले. पूड येतच राहिली. बाईंनी आणखी कापले.

खरेपणासाठी रोज सकाळी प्रत्येकानं एक खरी गोष्ट सांगायची. रामहरीनं सांगितलं, त्याचे आबा संडासात लपून बिडी ओढतात. दहा गुण.

नरसव्वा मागच्या रांगेतली. तिचे वडील तेलंगणातून नुकतेच चादरीच्या मागावर कामाला आले होते. वर्गात तेलुगू बोलणारी ती एकटीच; सांगितलेलं कळायचं नाही, म्हणून आज्ञाधारकपणातही शून्य. ती उभी राहिली, मागं बोट दाखवून म्हणाली, "गोड पडतदि. निजं."

बाई वैरागच्या, त्यांना तेलुगू येत नव्हतं. त्यांनी पहिल्या रांगेतल्या मानसिंगकडे पाहिलं. मानसिंगला सगळं कळायचं.

"गोड झोप येतीया म्हणती, बाई. पडायचंय तिला. तितं मागं."

वर्ग हसला. झोप ही काही गोष्ट नव्हे, असं बाईंचं मत पडलं. शून्य.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच, फक्त 'निजं' तीनदा. बाईंना वाटलं, घरात रात्रभर माग खडखडत असणार, लेकरू झोपणार कधी?

गुरुवारी हेडमास्तर म्हणाले, तीनही रकान्यांत शून्य असेल तर पोरीला घरी बसवा, दिवाळीनंतर बघू. नरसव्वा तर शिपायाच्याही आधी शाळेत यायची, पाटी चादरीच्या तुकड्यात गुंडाळून. तिला घरी बसवणं बाईंच्या जिवावर आलं. निदान एका रकान्यात तरी काही लिहिता यायला हवं होतं.

शुक्रवारी बाईंनी घरून चादर आणली आणि मागच्या भिंतीशी अंथरली. नरसव्वानं त्यांचा पदर घट्ट धरला.

"निजं, बाई," ती रडत म्हणाली.

"व्हय गं माझी बाय, नीजच म्हणतीय मी. बाईंचं ऐकायचं असतं की नाही? ऐकलंस तर दहा."

दहा हा शब्द तिला कळायचा. ती जाऊन पडली. बाईंनी तक्त्यावर दहा लिहिले, आवाज नको म्हणून बाकीचा वर्ग कवायतीला नेला, आणि दार हळूच ओढून घेतलं.

पुढचा आठवडाभर शाळा बंद राहिली. सोमवार, ९ सप्टेंबर १९७४ रोजी पहिलीचा वर्ग पटांगणातल्या लिंबाखाली भरला. तिथंच बसून बाईंनी शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहिला:

'इयत्ता पहिलीतील कै. नरसव्वा हिच्या वडिलांकडून असे समजले की, तेलुगूत गोड म्हणजे भिंत, पडतदि म्हणजे पडेल आणि निजं म्हणजे खरं. तरी सदर विद्यार्थिनीचे खरेपणाचे शून्य रद्द करून दहा गुण द्यावेत, आणि शुक्रवार, ता. ३० ऑगस्ट रोजी दुपारी बाईंचे न ऐकण्याची परवानगी तिला मागील तारखेपासून मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.'