कालची तारीख

दूरदेशी नोकरीला असलेल्या नवऱ्यासाठी मी लेकीच्या नोंदींचं ॲप बनवलं होतं. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"चिमणी काल पहिल्यांदा चालली, आणि काल बोलताना तू मला पत्ताही लागू दिला नाहीस?"

"काल कुठे? आज सकाळी चालली!"

"ॲपमध्ये कालची तारीख आहे."

माझ्या फोनमध्ये तर आजची होती. मी चक्रावले. डेटाबेस उघडून पाहिला, तिथे वेळ एकच होती.

"अरे, प्रत्येक फोन आपापल्या घड्याळाप्रमाणे तारीख दाखवतोय. ती चालली तेव्हा तुझ्याकडे कालची रात्र होती. थांब, तुलाही आजचीच दिसेल असं करते."

"नको गं, राहू दे. काल रात्री मी जागाच होतो, तिचे रांगतानाचे व्हिडिओ बघत."