दोनशे फोटोंची आई

दादा कल्पनारम्य व्हिडिओ गेमसाठी पात्रं घडवतो. आई गेल्यावर गेममधल्या जादूगारणीला त्यानं आईचा चेहरा दिला. बाबांनी होकार दिला तरच तो चेहरा गेममध्ये राहणार होता. पडद्यावर सुरकुत्या, पांढरे केस, सगळं अगदी हुबेहूब. बाबा संशयानं बघत राहिले. “ही कोण?” “अहो बाबा, आईच! दोनशे फोटोंवरून केलीय.” “फोटोत असेल. घरात नव्हती.” मलाही काहीतरी खटकत होतं. मग कळलं: दादानं कामाच्या सवयीनं अर्धाच चेहरा घडवून तोच दुसऱ्या बाजूला उलटा चिकटवला होता. आईची तर संशय आला की एकच भुवई चढायची. “तू आधी काढलेलं आईचं कार्टूनसारखं चित्र दाखव,” मी दादाला म्हणाले. “हसाल तुम्ही.” बटाट्याएवढं नाक, बशीएवढे डोळे आणि एक भुवई थेट केसांत. बाबा खुर्चीत सावरून बसले. “घेतल्यात गं गोळ्या,” ते पडद्याला म्हणाले, “विचार पोरीला.”