हा कोणाचा?

ऐन वाटणीच्या दिवशी मेव्हणा नझार तापाने फणफणला आणि त्रिफोनची पंचाईत झाली. नदीच्या मुखाशी साल्मन मासे ओल्या वाळूवर ओळीने मांडलेले होते. मठाचे म्हातारे पाफ्नुतीबाबा उलट्या पिंपावर येऊन बसलेही होते.

नदी मठाची, जाळं मठाचं, कष्ट त्रिफोनचे, मासे निम्मे-निम्मे. वाटणीची रीत पणजोबांपासूनची. एकाने समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं, दुसऱ्याने त्याच्या पाठीमागे मासा उचलून विचारायचं, "कोणाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल, मासा त्याचा. देवच वाटतो, असं म्हणायचे.

गेले तीन हंगाम मात्र देवाला कोणी विचारलं नव्हतं. मासा लहान असला तर त्रिफोन नुसतं "कोणाचा?" म्हणे, मोठा असला की "हा कोणाचा?" पाठमोरा नझार काय ते समजे. बाबांना धड दिसत नव्हतं, आणि मोजायला मासे दोन्हीकडे सारखेच भरत. उघडकीला आलं असतं तर नदी दुसऱ्याच्या हाती गेली असती, आणि त्या किनाऱ्यावर नदीवाचून माणसाने खायचं काय?

"नझार नाही तर नाही. आज मीच पाठमोरा उभा राहतो," बाबा म्हणाले आणि गुडघे धरत उठले.

त्रिफोनला हायसं वाटलं. चला, आज तरी पाप नको. त्याने पहिला मासा उचलला. चांगला हातभर होता. पण तीन हंगामांची सवय, जीभ घसरलीच.

"हा कोणाचा?"

"त्रिफोनचा," बाबा म्हणाले.

पुढचा किडकिडीत निघाला. "कोणाचा?"

"मठाचा."

योगायोग असेल, असं त्रिफोनने स्वतःला समजावलं. पुढचे दोन मोठे, दोन्ही त्रिफोनचे. मग एक लहान, मठाचा. म्हातारा क्षणभरही अडखळत नव्हता. त्रिफोनचे कान तापले. म्हणजे यांना ठाऊक होतं. तीन वर्षं पिंपावर बसून ऐकत होते, आणि मठाकडे परतताना आपल्या पोरांना आशीर्वाद देत होते. नझारऐवजी आपल्यालाच ताप आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

ओळीतला सगळ्यात थोराड मासा त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि मन घट्ट करून विचारलं, "कोणाचा?"

बाबांनी कानामागे हात धरला.

"घसा बसलाय का रे?"

"नाही, बाबा."

"मग नीट विचार की. तुझ्या घरात सहा तोंडं आहेत. आमचे निम्मे दिवस उपासाचेच."

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. ते समुद्राकडे तोंड करून थांबून राहिले. त्रिफोनच्या हातात मासा जड होत चालला होता. शब्द एका अक्षराचा, पण तो काही त्याच्या तोंडातून निघेना.